रूळ गेले, पूल राहिला
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या भवानीनगरला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर बारामती नाहीतर भिगवण गाठावे लागते. मी सात-आठ वर्षांची असताना आजोबांबरोबर भिगवणजवळच्या डिकसळला गेले होते. समोर उजनीचे अथांग पाणी पसरलेले. आजोबांनी त्या पाण्याकडे बोट करून सांगितले, "हितनं गाडी जायची." मला ती थट्टाच वाटली. पुढे महाविद्यालयात इतिहास शिकताना कळले की आजोबा अक्षरशः खरे बोलत होते.

मुंबई ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपण सर्वच जाणतो. परंतु त्यानंतर अवघ्या साडेपाच वर्षांत, म्हणजे डिसेंबर १८५८ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ पुण्याहून सुमारे १०० किलोमीटरवरील डिकसळपर्यंत येऊन पोहोचले, हे इंदापूर तालुक्यात तरी किती जणांना ठाऊक असेल? पुढे भीमा नदी होती. ऑक्टोबर १८५९ मध्ये मार्ग बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, खुला झाला आणि जून १८६० मध्ये गाडी सोलापूरला गेली. मधले दहा महिने डिकसळ हे या लोहमार्गाचे शेवटचे स्थानक होते.

शेवटचे स्थानक म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. पलीकडच्या मुलखातला कापूस, धान्य बैलगाडीने तेथवर यायचे आणि मग रेल्वेत चढायचे. बोरघाटातला मार्ग १८६३ साली पुरा झाला. तोपर्यंत घाटात माल पुन्हा उतरवून गाड्यांनी खाली न्यावा लागे. अमेरिकेतही असेच घडले. कॅन्सस प्रांताच्या गवताळ माळावरचे ॲबिलीन हे खेडे १८६७ साली रेल्वेमुळे गुरांच्या व्यापाराचे मोठे ठाणे बनले आणि पाच वर्षांत तो व्यापार दुसरीकडे निघून गेला. रेल्वे गावाला मोठे करते आणि पुढे सरकली की विसरूनही जाते. डिकसळचा मान तर वर्षभरही टिकला नाही. तरी गाड्या पुढे शंभरावर वर्षे त्याच वाटेने धावत राहिल्या.

मग भीमेवर उजनीचे धरण आले. १९८० साली ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी साठविणारे हे धरण सोलापूर जिल्ह्याला वरदान ठरले, यात शंका नाही. परंतु त्याचा फुगवटा इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांत शिरला. गावे उठली, काळी जमीन बुडाली. जुना लोहमार्गही पाण्याच्या वाटेत येत होता, म्हणून तो वळवून उंचावरून नेण्यात आला.

आमचे आजोबा त्या वेळी रोजंदारीवर रूळ उचलण्याच्या कामाला होते. दिवसा रूळ उचलायचे आणि संध्याकाळी स्वतःच्या घराची कौले उतरवायची, असे त्यांचे काही दिवस गेले. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. एकदा मीच खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "रूळ उचलता आलं, उचललं. रान कसं उचलायचं?" पुढे पोटापाण्यासाठी आमचे घर भवानीनगरला आले. येथे नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून खेळते आहे. त्यावर ऊस झाला, उसावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याभोवती वस्ती वाढली. एका पाण्याने आमचे रान नेले, दुसऱ्या पाण्याने आम्हाला जगविले. त्या जगण्यातूनच घरातली पहिली मुलगी म्हणून मी आज महाविद्यालयात शिकते आहे.

डिकसळचा दगडी पूल मात्र राहिला. रूळ गेल्यावर त्यावरून रस्ता झाला आणि पुणे व सोलापूर जिल्ह्यांतली माणसे, दूध, ऊस त्यावरून जाऊ लागला. २०२३ साली त्याचा काही भाग ढासळला. ज्या कामासाठी तो बांधला ते काम संपल्यावरही त्याने चार दशके सेवा केली, हे विसरता येत नाही.

याच परिसरात पाहण्याजोगे आणखी बरेच आहे. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर एरवी पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते शिखरासह उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते पाहायला लोकांची रीघ लागली होती. इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी आणि चाँदशावली बाबांचा दर्गा आहे. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात आणि दूरदूरचे लोक दुर्बिणी घेऊन येतात.

त्यांना ते पाणी सुंदर दिसते. मलाही दिसते. परंतु मंदिर बुडाले तरी दुष्काळात वर येते, पूल तर अजून डोळ्यांसमोर आहे. आजोबांच्या बरोबरीची माणसे एकेक करून जात आहेत आणि त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही दुष्काळात वर येणार नाही. म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की, सहलीला दूरचे किल्ले जरूर पाहावेत, पण एखाद्या रविवारी वही घेऊन आपल्याच घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. मी बसू लागले आहे. माझ्या वहीची बारा पाने भरली आहेत.