फटफटीचं पोट (लेखांक ११) : पॅकिंगची जाडी आणि गिअर ऑइल पिणारं इंजिन

पॉइंट आणि टायमिंगचं वचन दिलं होतं, ते आज पाळत नाही. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते आधी घ्यायलाच हवं. गाडी येझदी. ब्लॉक बोअर करून झाला, पिस्टन-रिंग नवे घातले, बाजारातून 'फुल पॅकिंग किट' आणून झाडून सगळी पॅकिंग बदलली आणि वर प्रत्येक जोडावर सढळ हाताने सिलिकॉन लावलं. गाडी सुरू झाली, चाललीही बरी. आता दोन्ही सायलेन्सरांतून पांढरट दाट धूर येतो, गिअर ऑइल कमी होत जातं आणि इंजिनाखाली मात्र एक थेंब सांडलेला दिसत नाही. त्यांचा प्रश्न : किट बोगस निघालं का? भरवशाचं पॅकिंग ओळखायचं कसं?

किट बोगस असेलही, पण या दुखण्याचा गुन्हेगार त्या पिशवीत नाही. जावा-येझदीच्या डाव्या अंगाला क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलात असतात. त्यांना लागून क्रँककेस आणि मधे राखणदार एकच, क्रँकचा डावा ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते. सीलचा ओठ कडक झाला असेल किंवा क्रँकच्या शाफ्टवर त्या जागी खाच पडली असेल, तर ती ओढ पेट्रोल-हवेबरोबर पलीकडचं गिअर ऑइलही घेते, आणि ते जळून सायलेन्सरातून बाहेर पडतं. थेंब सांडणार कुठून? ब्लॉक बोअर करायला केस फोडावी लागत नाही, त्यामुळे सील जुनेच राहतात. शिवाय 'फुल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच किटांत सील नसतातच. उजवा सील डायनॅमोच्या मागे असतो. तो गेला तर तेलाऐवजी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन उगाचच रेस घेतं, तापतं आणि एखाद्या घाटात पिस्टन धरतो. धूर निदान दिसतो तरी. म्हणून मला उजव्या सीलची धास्ती जास्त.

एवढं झाल्यावर पॅकिंगकडे वळतो, कारण प्रश्नाचा दुसरा भाग रास्त आहे. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. तेव्हापासून आपल्या हातात येणारं पॅकिंग एक तर दुकानदाराच्या माळ्यावरचा जुना माल असतो, नाही तर कुणीतरी जुन्या नमुन्यावरून नव्याने कापलेलं. पिशवीवरच्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. पॅकिंग ब्लॉकच्या बुडावर ठेवा आणि उजेडात धरा. स्टडची भोकं जुळतात का, हे सगळेच बघतात. ट्रान्सफरच्या खिडक्यांवर कागदाची कड आत डोकावतेय का, हे फार थोडे बघतात. डोकावत असेल तर धारदार ब्लेडने कापून टाका. मिश्रणाची वाट तिथूनच आहे.

आता माझा लाडका विषय, ब्लॉकखालच्या पॅकिंगची जाडी. या एका कागदापायी भल्या भल्या गाड्या मरगळलेल्या मी पाहिल्या आहेत. जावाचा बोअर 65 मिमी. मूळ पॅकिंगपेक्षा अर्धा मिमी जाड कागद बसला तर अख्खा ब्लॉक अर्धा मिमी वर उचलला जातो. ज्वलनाची जागा सुमारे 1.66 घन सेंमीने वाढते आणि कॉम्प्रेशन उतरतं. हे बहुतेकांच्या लक्षात येतं. पण टू-स्ट्रोकमध्ये ब्लॉकमधली भोकं हेच व्हॉल्व्ह! ब्लॉक वर गेला की एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर लवकर उघडतात. इनलेटचं मात्र उलटं होतं. ते पिस्टनच्या खालच्या कडेने उघडतं, म्हणून उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं. खालच्या वेगाची ओढ, जिच्यासाठी ही गाडी नावाजलेली, तीच पहिली जाते. मालक कार्ब्युरेटर खोलतो, जेट बदलतो, मिस्त्री बदलतो. कागद कुणी मोजत नाही.

उलट फार पातळ पॅकिंग घातलं तर पिस्टन हेडच्या जास्त जवळ जातो. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत सोडा, क्रँक हाताने एकदा फिरवा आणि दबलेली तार मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

म्हणून जुनं पॅकिंग, फाटकं का होईना, फेकायचं नाही. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजायचं. दाबलं गेलेलं असल्यामुळे ते मूळ जाडीपेक्षा थोडं कमीच भरेल, हे धरून चालायचं. नवंही चार कोपऱ्यांत मोजा. एकाच तुकड्यात जाडी कमी-जास्त भरली तर तो कागद परत द्या, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

कागदाचा दर्जा पाहायला माझ्या दोन रीती आहेत. किटातल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या पॅकिंगची पट्टी कापा आणि दुमडा. कडकन तुटली तर तो कागद वाळलेला आहे. दुसरी पट्टी मोजून रात्रभर पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात बुडवा, गाडीला घालता तेच, लिटरला 40 मिली. सकाळी पुन्हा मोजा. फुगली, लिबलिबीत झाली, बोटाला रंग लागला तर सगळं किट बाजूला ठेवा. माळ्यावरचा जुना कागद आकसलेला असेल तर भोकं जुळत नाहीत. तो थोडा वेळ ओलसर फडक्यात ठेवला की पुष्कळदा मूळ मापावर येतो, मग लगेच बसवायचा. आपल्याकडे पावसाळ्यात आणि मेमध्ये एकाच कागदाची मापं वेगळी भरतात, म्हणून मी पॅकिंग बंद पिशवीत, सपाट फळीवर ठेवतो.

जुन्या मालाबद्दल एक इशारा. त्यातल्या राखाडी, तंतू दिसणाऱ्या पॅकिंगमध्ये एस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनने त्यावर 1999 साली बंदी घातली, ती उगाच नव्हे. तसं पॅकिंग कोरडं खरवडू नका, पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नका. ओलं करून काढा आणि पिशवीत बांधून टाका.

वर लावायच्या लेपाबद्दल माझं मत कडक आहे. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि दाबून आत गेलेली त्याची लोंबणारी शेपटी कधीतरी सुटून ट्रान्सफरच्या वाटेला लागते. ब्लॉकखाली ते नकोच. जुने मिस्त्री शेलॅक लावायचे आणि त्या काळी ते बरोबरही होतं. पण शेलॅक म्हणजे लाख. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जिथे पेट्रोल पोहोचतं तिथे शेलॅकचे दिवस संपले. पेट्रोलला दाद न देणारा, न सुकणारा लेप अगदी पातळ पुसल्यासारखा लावा, बस्स. डाव्या कव्हरला आतून दाब नसतो. तिथे जाड लग्नपत्रिकेचं पॅकिंग कापून गाडी घरी आणणारे मिस्त्री मी पाहिलेत आणि त्यांना नावं ठेवणार नाही.

फेस सपाट नसेल तर उत्तमातलं उत्तम पॅकिंगही गळतं. अॅल्युमिनिअमच्या केसला स्टडच्या भोवती धातू वर ओढला गेलेला असतो. स्टड काढून, मोठ्या ड्रिलची कड हाताने दोन वेढे फिरवली की तो उंचवटा जातो. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून ब्लॉकचं बूड इंग्रजी आठच्या आकारात घासायचं. स्क्रूड्रायव्हरने पॅकिंग खरवडणाऱ्याला मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही.

बुलेटवाले म्हणतील, आमचं काय? तुमच्यासाठी एकच गोष्ट. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या टायमिंग कव्हरच्या पॅकिंगमधली बारीक भोकं म्हणजे तेलाची वाट असते. ती सिलिकॉनने किंवा चुकीच्या कापणीने बुजली की बिग एंड उपाशी मरतो. बाकीचं तुमच्या पाळीला.

आता सांगलीकरांसाठी तपासणी. औषधाच्या दुकानात घड्याळी डायलचं रक्तदाब मोजायचं यंत्र मिळतं, त्याचा फुगा आणि डायल घ्या. जुन्या प्लगमधली चिनी माती काढून तिथे नळी बसवा. कार्ब्युरेटर उतरवून इनलेट आणि दोन्ही एक्झॉस्ट रबराने घट्ट बंद करा, पिस्टन खाली आणा आणि 300 पर्यंत फुगवा. तो दाब सहा पीएसआयच्या जरा आत येतो, टू-स्ट्रोक तपासायला नेमका हवा तेवढा. काटा मिनिटभरात 50 पेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी वाट आहे. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते बघा. मग गिअर ऑइलचं झाकण उघडून कान लावा. आतून बुडबुड ऐकू आली तर डावा सील गेलाय आणि केस फोडण्यावाचून गत्यंतर नाही. केस फोडलीच तर दोन्ही सील बदला, एक नव्हे.

निकाल मला कळवा. पुढच्या रविवारी पॉइंट आणि टायमिंग, फीलर गेज हाताशी ठेवा.