नामवंत प्रशिक्षकांपुढे अडखळणारी शिट्टी

२२ फेब्रुवारी २०१४ रोजी ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावर सिराक्यूझचे बास्केटबॉल प्रशिक्षक जिम बोहाइम अखेरच्या काही सेकंदांत अंगातला कोट ओढत थेट कोर्टात धावले. पंचांनी दोन टेक्निकल फाउल देऊन त्यांना बाहेर काढले. पंच कुणाचीही भीड ठेवत नाहीत याचा हा पुरावा, असे कुणी म्हणेल. मला तो उलट पुरावा वाटतो. बोहाइम यांचा तो अडतिसावा हंगाम होता, आणि नियमित हंगामातल्या सामन्यातून त्यांना बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ होती. पंचांशी हुज्जत घालणे मात्र त्यांना मुळीच नवे नव्हते.

पंच भित्रे असतात, असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण त्यांच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेत आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पंच पगारी नोकर नसतात. त्यांना सामन्यागणिक मानधन मिळते. पुढचा सामना कुणाला द्यायचा हे ठरवतात संघगटांचे, म्हणजे कॉन्फरन्सचे, अधिकारी. आणि कॉन्फरन्स चालते ती विद्यापीठांच्या जिवावर. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी कर्मचारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकच असतो. १९८५ मध्ये इंडियानाच्या बॉब नाइट यांनी भर सामन्यात कोर्टात खुर्ची भिरकावली. त्यांना एका सामन्याची बंदी झाली. पद पुढे पंधरा वर्षे टिकले. वरचेच इतके सांभाळून घेतात, तिथे रोजंदारीवरच्या माणसाने एकट्याने कठोर व्हावे ही अपेक्षा फार मोठी आहे.

शिक्षाही हलकी नाही. गैरवर्तनाच्या टेक्निकलवर दोन फ्री थ्रो मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेम्फिसविरुद्ध बरोबरीत असताना जादा वेळेत कनेक्टिकटच्या डॅन हर्ली यांना टेक्निकल मिळाला आणि गतविजेते ९९-९७ असे हरले. दोनच गुणांनी! साहजिकच दुसऱ्या दिवशी चर्चा रंगते ती पंचाने सामना फिरवला याची. प्रशिक्षकाचे वर्तन मागे पडते.

समजुतीच्या दोन शब्दांनी जे साधते ते शिट्टीने बिघडते, असा आक्षेप अनुभवी मंडळी घेतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ही सबुरी अनोळखी तरुण प्रशिक्षकाच्याही वाट्याला यायला हवी. प्रशिक्षकाने कुठवर उभे राहावे याची तर जमिनीवर रेघच आखलेली असते. २०१७-१८ पासून ती जागा २८ फुटांवरून ३८ फूट झाली, तरीही ती सर्रास ओलांडली जाते. म्हणजे नियम संदिग्ध आहे ही सबबही पुरत नाही. पंचांची नेमणूक आणि मूल्यमापन कॉन्फरन्सच्या हातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देणे, हा बदल मला शिक्षा वाढवण्यापेक्षा अधिक निकडीचा वाटतो.