संस्थेचा संसार आणि आटलेले अनुदान

संध्याकाळची वेळ. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीसारखी गर्दी. आत मैदानावर क्रिकेटची मुले सामान आवरत होती, पलीकडे समर्थ व्यायाम मंदिरात मुली मल्लखांबावर चढत होत्या. आम्ही चौघी मैत्रिणी गप्पा मारत बसलो होतो. बोलता बोलता एकजण म्हणाली, "आमच्या वाचनालयानं दोन मासिकं बंद केली गं! विचारलं तर तिथल्या ताई म्हणतात, अनुदान आलं नाही अजून."

"मग सरकारच्या तोंडाकडे बघायचं कशाला? वर्गणी काढा की!" दुसरी फटकन म्हणाली.

विषय तिथेच संपला, पण माझ्या मनातून जाईना. खरेच, वर्गणीवर चालते का हो संस्था?

ज्या मैदानाच्या कट्ट्यावर आम्ही बसलो होतो, त्याचे नाव पूर्वी माहीम पार्क होते. 1927 साली ते शिवाजी पार्क झाले, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. याच अवंतिकाबाईंनी 1918 साली गिरगावात हिंद महिला समाज सुरू केला. बायकांनी एकत्र यायचे, संस्था काढायची, दारोदार फिरून पैसे जमवायचे, ही आपल्या भागाची जुनी रीत आहे. तेव्हा वर्गणीचे आपल्याला वावडे नाही. पण वर्गणीने काय होते आणि काय होत नाही, हे समजून घ्यायला हवे.

महिन्याचे दोन हजार

वाचनालयाचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. ते एकदम हातात पडत नाही, हप्त्यांनी येते. साधारण निम्मे पगारासाठी, निम्मे पुस्तके, वर्तमानपत्रे, भाडे, वीज यांसाठी.

2012 साली हे अनुदान दीडपट झाले. त्यानंतरची वाढ, साठ टक्क्यांची, मंजूर झाली ती 2022 साली. मधली दहा वर्षे आकडा तोच! या दहा वर्षांत आपल्या वाणसामानाचे बिल कुठून कुठे गेले, ते कुणी सांगायला नको.

'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला 30,000 रुपये मिळत, ते वाढून 48,000 झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातले निम्मे पगाराला धरले तर ग्रंथपाल ताईंच्या हातात दोन हजार! एवढ्या पैशांत कुणी रोज कुलूप उघडते, पुस्तके पुसते, नोंदी ठेवते, याचेच नवल वाटावे.

आणि कपात आली की काय होते? करोनाच्या साथीत, 4 मे 2020 रोजी, राज्य सरकारने खर्चाला कात्री लावली. त्या वर्षाच्या तरतुदीपैकी 33 टक्केच निधी मिळेल असा निर्णय झाला. संकट मोठे होते, दवाखान्यांना पैसा हवा होता, हे कबूल. पण घरात बघा, यजमानांनी सांगितले, "यंदा पगार तिसरा हिस्साच," तर आपण सिनेमा बंद करू, साडी घेणार नाही. भाडे आणि दूध मात्र चुकत नाही. संस्थेचेही तसेच. भाडे आणि वीज द्यावीच लागते. मग कात्री लागते ती मासिकांवर, मग नव्या पुस्तकांवर, मग संध्याकाळच्या वेळेवर, आणि शेवटी ताईंच्या पगारावर. संस्था एका दिवसात मोडत नाही. ती अशी हळूहळू वाळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

पाळणाघर आणि समाजकल्याण बोर्ड

बायकांच्या संस्थांना तर याची झळ जास्तच. 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण बोर्ड स्थापन झाले. महिला मंडळांना छोट्या छोट्या मदती मिळू लागल्या. अर्धवट शिक्षण सुटलेल्या बायकांसाठी अभ्यासवर्ग निघाले, पुढे कुटुंब सल्ला केंद्रे निघाली. नवऱ्याशी पटत नाही, सासरी जाच आहे, अशा बाईला पोलीस चौकीची पायरी चढण्याआधी बसून बोलायला एक खुर्ची मिळाली. 2022 साली हे बोर्डच बंद झाले.

पाळणाघरांचेही पाहा. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय योजनेत पूर्वी नव्वद टक्के भार केंद्र उचलत असे, दहा टक्के संस्था. 1 जानेवारी 2017 पासून वाटणी बदलली. केंद्र 60, राज्य 30, संस्था 10. कागदावर संस्थेचा वाटा तोच राहिला. पण एकाऐवजी दोन दारांतून पैसा यायचा, म्हणजे दोन ठिकाणी खेटे आले. पैसा उशिरा आला तरी मुलांना भूक वेळेवरच लागते! आणि पाळणाघर बंद पडले की कुणाची नोकरी सुटते, हे मी सांगायला हवे का?

"कंपन्या देतात की हल्ली," असे कुणी म्हणेल. खरे आहे, 2014 पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. पण देणाऱ्याला पाटी लावता येईल असे काहीतरी हवे असते, संगणक, नवी खोली. झाडूवालीच्या पगारावर पाटी कशी लावणार?

दुसरी बाजूही सांगायला हवी. केवळ कागदावर चालणाऱ्या संस्था असतात, ही तक्रार काही खोटी नाही. 2012 साली राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली, तेव्हा पुष्कळ त्रुटी सापडल्या. पण तण उपटताना पीकही उपटून कसे चालेल?

तेव्हा वर्गणीचे उत्तर असे की, ज्या वस्तीत देणारे हात आहेत तिथे ती जमते. आपल्या शिवाजी पार्कला जमेल. पण परळ-लालबागच्या चाळीत, गिरण्या गेल्यानंतर ज्यांनी कसाबसा संसार सावरला, तिथल्या बालवाडीने किती वर्गणी मागायची? जिथे गरज जास्त तिथे वर्गणी कमी. सरकारी मदत हवी ती याचसाठी.

आपल्याला काय करता येईल?

* जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि वर्गणी वर्षाची एकदम भरा. हप्ता लांबला तर तेवढाच आधार.
* देणगी 'इमारत निधी'लाच नको. "ही रोजच्या खर्चासाठी" असे सांगून द्या.
* देण्याआधी संस्थेची नोंदणी आणि तपासलेले हिशेब मागा. यात संकोच कसला? पावती घ्या. जुन्या करपद्धतीत असाल तर 80-जी खाली सवलत मिळते का, तेही विचारा.
* पैसा नसेल तर वेळ द्या. आठवड्यातून दोन तास हिशेबाची वही लिहून दिलीत तरी मोठे काम होईल.
* आपल्या आमदारांना पत्र लिहा, एकच प्रश्न विचारा: "अनुदानाचा हप्ता कधी?" दहा जणींनी विचारले की उत्तर द्यावे लागते.
* तुम्ही मंडळाच्या कार्यकारिणीवर असाल, तर गंगाजळी ठेवा. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

परवा ती मैत्रीण पुन्हा कट्ट्यावर भेटली. म्हणाली, "अगं, आम्ही पाच जणींनी मिळून एका मासिकाची वर्गणी भरली." मी म्हटले, "छान केलंत! आणि दुसऱ्या मासिकाचं?"

ती हसली. "त्याचं पत्र लिहून टाकलंय, आमदारांना!"