आहेरात आलेला मिक्सर आणि हरवलेली पावती

बीड जिल्ह्यातल्या वडवणीत लग्नसराई सरली की घरोघरी तीच पंचाईत: आहेरात तीन मिक्सर, त्यातला एक पहिल्याच चटणीला बंद. पावती? ती आहेर करणाऱ्या मामांच्या खिशात, आणि 'बिल द्या' म्हणायला जीभ रेटत नाही.

आवडलं नाही किंवा दुबार आलं, तर वस्तू परत घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही. तिथं ओळखच कामी येते. टोप्या-टॉवेल तर असेही पुढच्या लग्नात फिरतातच!

सदोष वस्तूची गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे आहेर घेणाराही. बिलात मुदत लिहिलेली नसेल, तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलच न देणं हीसुद्धा. त्यामुळे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला इथं घाबरू नका.

खरेदीचा पुरावा मात्र लागतोच. मामांना फक्त यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट मागा; किंमत कळेल म्हणून लाजतील, लाजू द्या. वॉरंटी कार्डावरचा दुकानाचा शिक्का, खोक्यावरचा अनुक्रमांकही उपयोगी पडतो. तरी दुकानदार ऐकेना, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतूनही बोलता येतं. पुढची पायरी बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं तक्रारीचं शुल्क नाही.