घराच्या छपरावरची वीज : सरकारी मदत किती, आणि ती पदरात पाडायची कशी



घरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या तर सरकार पैसे देते म्हणे, ते खरे का? हा प्रश्न आता पारावर, दूधडेअरीवर, बाजाराच्या गाडीत सगळीकडे निघतो. उत्तर एका शब्दात द्यायचे तर, होय, खरे आहे. पण 'फुकट वीज' एवढे दोनच शब्द कानात धरून कोणी सही करू नये. मदत मिळते ती कशी, केव्हा आणि कोणाच्या नावावर, हे आधी समजून घेतले तर पैसाही वाचेल आणि फेऱ्याही वाचतील.

सुरुवातीला एक घोटाळा दूर करू. विहिरीवरच्या सौर पंपाची योजना वेगळी आणि घरावरच्या सोलरची वेगळी. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरायचा असतो. ती शेताची गोष्ट झाली. घरासाठी केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आहे. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचे उद्दिष्ट ठेवून तिला ७५,०२१ कोटी रुपये मंजूर झाले आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरवली गेली. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी अर्ज घेणे चालू आहे ना, एवढे वीज कार्यालयात विचारून घ्यावे. शेतीपंपाच्या मीटरवर ही घराची मदत मिळत नाही. घरगुती मीटर पाहिजे, तो चालू पाहिजे, आणि छप्पर स्वतःचे पाहिजे.

आता आकडे. पहिल्या दोन किलोवॅटला दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. त्याच्यापुढे कितीही मोठा संच बसवा, मदत ७८,००० वरच थांबते. हे आकडे आले कुठून? सरकारने पहिल्या दोन किलोवॅटची किंमत प्रत्येकी ५०,००० धरली आणि तिचे ६० टक्के दिले. तिसऱ्याची ४५,००० धरली आणि तिचे ४० टक्के दिले. प्रत्यक्षात बाजारात संच याच्यापेक्षा महागही पडतो, विशेषतः सांगाडा उंच करावा लागला तर. दुकानदाराने किंमत वाढवली म्हणून अनुदान वाढत नाही. वरचा सगळा बोजा तुमचाच. म्हणून दोन-तीन ठिकाणचे दर लेखी मागवावेत.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये त्यात आणखी भर घातली. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या गरीब घरांना एक किलोवॅटच्या संचासाठी राज्याकडून जादा मदत ठरली आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये. संच ५०,००० चा धरला तर केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे पैसे वजा जाता पहिल्या गटाला अवघे २,५००, दुसऱ्याला ५,००० आणि तिसऱ्याला १०,००० रुपये स्वतःचे घालावे लागतात. मात्र ही मदत राज्यभरात पाच लाख ग्राहकांपुरती ठरवलेली आहे. ज्यांना लागू आहे त्यांनी दिवाळी होऊ दे, सुगी होऊ दे असे करत बसू नये.

आता किलोवॅट म्हणजे काय ते बघा. एक किलोवॅटचा संच म्हणजे हल्लीच्या मोठ्या प्लेटा असतील तर साधारण दोन प्लेटा. त्याला छपरावर सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा धरावी. आपल्याकडच्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज निघते. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले, तेव्हा कमी निघते, फाल्गुन-चैत्रात जास्त. एक गंमत अशी, की प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. वैशाखात फार तापली की तिची वीज थोडी घटतेच.

मग आपल्या घराला किती पाहिजे? मागच्या बारा महिन्यांची लाइटबिले काढा आणि युनिटांची बेरीज करून बाराने भागा. सरकारचा सल्ला असा, की महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॅट, १५० ते ३०० असेल तर दोन ते तीन. आमचे मत विचाराल तर मोठ्या संचाच्या मोहात पडू नका. महाराष्ट्रात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्याच्या वरच्यांचा बराच जास्त आहे. त्यामुळे दीडशे युनिटांचे बिल येणाऱ्या घराला एक किलोवॅटनेसुद्धा वरचे महागाचे युनिट सगळे सुटतात. उरलेली जादा वीज विकून पैसा मिळवू म्हणाल, तर तो धंदा घरच्या छपरावर होत नाही.

का, ते सांगतो. दिवसा तुम्ही शेतात असता, घरात एखादा फ्रीज तेवढा चालू. प्लेटांची वीज मग तारेवाटे वीज कंपनीकडे जाते. रात्री तुम्ही कंपनीची वीज घेता. दोन्हीकडची मोजणी करणारा मीटर बसवतात, त्याला नेट मीटर म्हणतात. गेलेले युनिट आलेल्या युनिटांतून वजा होतात. उरलेले पुढच्या महिन्याच्या खात्यावर जातात. पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस जे शिल्लक राहते त्याला आपण बिलात भरतो तो भाव मिळत नाही, कमी भाव मिळतो. शिवाय स्थिर आकार दर महिन्याला लागतोच. 'बिल शून्य' म्हणून सांगणाऱ्याला हा स्थिर आकार कोण भरणार, असे विचारून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि हे एजंट सहसा बोलत नाही. या योजनेत साधारणपणे जो संच बसवतात तो गावची लाइट गेली की बंद पडतो. भर दुपारी, कडक ऊन असले तरी बंद. यात बिघाड नाही, ती सुरक्षेची सोय आहे. लाइट गेल्यावर वायरमन खांबावर चढला आणि तुमच्या छपरावरून तारेत वीज आली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. भारनियमनात दिवे चालावेत हा हेतू असेल तर बॅटरी आणि तशा प्रकारचा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. बॅटरीच्या किमतीला या योजनेत अनुदान नाही, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तेव्हा आधी मनाशी ठरवा, बिल कमी करायचे आहे की लाइट गेल्यावर उजेड पाहिजे आहे.

छपराचाही विचार करा. स्लॅब असेल तर प्रश्न नाही. पत्रा असेल तर खालच्या कैच्या आणि अँगल तपासून घ्या. गंजलेल्या पत्र्यावर पंचवीस वर्षांचा माल बसवणे म्हणजे मोडक्या गाडीला नवे बैल जुंपणे. कौलारू घरावर थेट बसवू नये, त्याला जमिनीवरून खांब घेऊन वेगळा लोखंडी सांगाडा लागतो. मराठवाडा-सोलापूरकडच्या धाब्याच्या घरालाही तेच, माळवदाला भोके पाडली की पावसाळ्यात गळती ठरलेली. कोकणातल्या मंडळींनी ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ पाहिले आहे, रायगड-रत्नागिरीत पत्रे कागदासारखे उडाले. तिथे सांगाडा स्वस्तात करू नये. प्लेटांचे तोंड दक्षिणेला असावे. अंगणातल्या नारळाची किंवा आंब्याची सावली एका प्लेटेवर पडली तरी तिच्याशी जोडलेल्या इतर प्लेटांची वीजही घटू शकते.

अर्जाची वाट अशी आहे. पीएम सूर्यघरच्या सरकारी संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल देऊन नोंद करायची. घरी मुलगा-मुलगी शिकलेली असेल तर ती करील, नाहीतर आपले सेवा केंद्र आहेच. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमांनुसार वीज कंपनीची तांत्रिक तपासणी लागत नाही, त्यामुळे एक मोठी अडचण गेली. नंतर नोंदणीकृत पुरवठादारांच्या यादीतून एक निवडायचा. यादीबाहेरच्याकडून काम करून घेतले तर अनुदान नाही. प्लेटा आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असले पाहिजेत, तसे नसेल तरीही अनुदान नाही. संच बसला, नेट मीटर लागला, वीज कंपनीच्या माणसाने तपासला आणि चालू झाल्याची नोंद झाली की मग बँक खात्याचा तपशील भरायचा. त्यानंतर साधारण ३० दिवसांत पैसे खात्यात येतात.

म्हणजे पैसे आधी मिळत नाहीत, नंतर मिळतात. इथेच बरेच जण अडकतात. पुरवठादाराला पूर्ण रक्कम द्यायची सोय आधी पाहिजे. त्यासाठी तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला बँका तारण न घेता कर्ज देतात. २०२४ साली त्याचा व्याजदर सुमारे ७ टक्के होता. तो रिझर्व्ह बँकेच्या रेपोदराशी बांधलेला असल्याने खाली-वर होतो. हिशेब करून पाहू. दोन किलोवॅटचा संच १,२०,००० चा आहे. १२,००० आपले, १,०८,००० बँकेचे. ७ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता सुमारे १,२५० रुपये. अनुदानाचे ६०,००० आले की ते कर्जात भरून टाका. मग कर्ज राहिले ४८,०००. हप्ता १,२५० चाच ठेवला तर चार वर्षांच्या आत फिटते. मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो ५५०-५६० च्या घरात येतो. बिलात महिन्याला किती वाचणार, ते हप्त्याशेजारी लिहून पाहा आणि मग ठरवा. अनुदान आले म्हणून त्यातून मोटारसायकलीचे डाऊनपेमेंट करणारे लोक असतात. त्यांचा हप्ता दहा वर्षे १,२५० च राहतो.

एक अडचण गावात घरोघरी निघेल. लाइटबिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, आणि ते तर देवाघरी गेलेले. अर्ज, आधार, बँक खाते यांवरचे नाव आणि बिलावरचे नाव एकच पाहिजे. नाहीतर संच छपरावर बसलेला आणि अनुदान लटकलेले, अशी गत होते. म्हणून पहिले काम मीटरचे नाव बदलून घेण्याचे. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा आणि वारसांची संमती घेऊन वीज कार्यालयात जा. भावाभावांचे घर एक असेल तर छप्पर कोणी वापरायचे याचे लेखी संमतिपत्र आधीच करून ठेवा, प्लेटा चढल्यावर बोलणे अवघड जाते. बिलाची थकबाकी असेल तीही आधी मिटवा.

फसवणुकीबद्दलही लिहावे लागते. "काका, यादीत नाव लागलंय, दोन हजार भरा, आज शेवटची तारीख," असा फोन आला तर समजा, लबाडी आहे. योजनेच्या अर्जाला फी नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नका, सांगणारा गावातल्या ओळखीचा असला तरी. पैसे रोख न देता बँकेतून द्या आणि पक्की पावती घ्या. पावतीवर संचाचे किलोवॅट, प्लेटांचे क्रमांक आणि इन्व्हर्टरची हमी लिहून घ्या. प्लेटांना बहुधा २५ वर्षांची हमी असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करायची हे योजनेतच आहे, ते वेगळे पैसे देऊन विकत घ्यायचे नाही. अर्थिंग आणि वीज पडण्यापासूनचे संरक्षण झाले आहे का, हे तो माणूस जिना उतरण्यापूर्वी स्वतः पाहा.

पुढची निगा सोपी आहे. धूळ बसली की वीज घटते, आणि मळणीच्या दिवसांत खळ्याजवळच्या घरांवर आठवड्यात थर बसतो. पंधरा दिवसांतून एकदा, सुगीत आठवड्याला, पहाटे किंवा संध्याकाळी प्लेटा गार असताना मऊ फडक्याने धुवाव्या. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वापरले तर पांढरे डाग धरतात, तेव्हा पुसून घ्यावे. प्लेटांवर मिरच्या वाळत घालू नयेत. हसू नका, घालतात.

योजनेबद्दल चौकशी किंवा तक्रार असेल तर १५५५५ हा सरकारी मदत क्रमांक आहे, आणि नेट मीटरला उशीर होत असेल तर वीज कंपनीचा १९१२. फोन करताना अर्ज क्रमांक आणि ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा, आणि तिकडून तक्रारीचा नंबर मिळाला की तो लाइटबिलाच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवा.