सात रंगांच्या मातीचे गोत्र

मॉरिशसची सहल आखणाऱ्या प्रत्येकाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस 'चामारेल' असे लिहिलेले असते. बेटाच्या नैऋत्येला डोंगरात वसलेले हे छोटेसे गाव. घाटरस्ता, दुतर्फा झाडी, मध्येच अननसाची शेते आणि मग लाकडी कठड्यामागे दिसणारी ती प्रसिद्ध सात रंगांची माती. जवळच १०० मीटरच्या आसपास उंचीचा धबधबा. दोन्ही ठिकाणी मिळून तास-दीड तास, फोटो, थोडी खरेदी आणि पुन्हा गाडीत.

त्यातही रंग मोजण्याचा खेळ प्रत्येक जण खेळतो. लाल, तपकिरी, पिवळा, जांभळा असे चार-पाच रंग सहज हाताला लागतात. हिरवा आणि निळा मात्र मोजणाऱ्याच्या उदारपणावर अवलंबून असतात. पण मराठी माणसाने हे दृश्य जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. कारण कठड्यापलीकडची ही माती आणि आपल्या कोकणातला जांभा यांचे नाते लांबचे नाही. आणि तो धबधबा ज्या खडकावरून कोसळतो, त्याचे गोत्र तर थेट सह्याद्रीचेच आहे.

हे नाते समजण्यासाठी सुमारे ६.६ कोटी वर्षे मागे जावे लागेल. तेव्हा भारताचा भूखंड आजच्या जागेच्या कितीतरी दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून तप्त पदार्थाचा एक प्रचंड झोत वर येत होता. त्याच्यावरून भारत जात असताना भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि आपले दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो हाच. पुढे भारत उत्तरेकडे निघून गेला, पण तो झोत विझला नाही. वरून सरकणाऱ्या भूपट्टावर तो आपल्या खुणा उमटवत राहिला. शिवणयंत्राची सुई जागेवरच असते आणि कापड पुढे सरकते, तसे. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांच्या बुडाशी असलेला ज्वालामुखी खडक हे त्या शिवणीतले टाके. मॉरिशस हा पुढचा, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वीचा. आज ही सुई मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो आणि जगातल्या सर्वात सक्रिय ज्वालामुखींत गणला जातो.

म्हणजे राजगडाचा कडा आणि चामारेलचा कडा ही एकाच घरातली भावंडे, वयात मात्र साडेपाच कोटींहून अधिक वर्षांचे अंतर. धाकट्याचा चेहरा पाहिला की थोरला लहानपणी कसा असेल याचा अंदाज येतो. मॉरिशसमध्ये ज्वालामुखीची तोंडे अजून ओळखू येतात. क्युरपिप शहरात 'त्रू ओ सेर्फ' नावाचे वाटोळे विवर आहे, सुमारे ३०० मीटर रुंदीचे, आत झाडी वाढलेले, काठावर सकाळी फिरायला येणारी माणसे. महाशिवरात्रीला लाखो यात्रेकरू ज्या 'ग्रां बासें' तलावाकडे चालत जातात, तोही विवरात साठलेल्या पाण्याचाच. १९७२ मध्ये त्यात गंगेचे पाणी मिसळले गेले आणि तो 'गंगा तलाव' झाला. सह्याद्रीत अशी तोंडे शोधून सापडत नाहीत. एक तर आपल्याकडे लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून आला आणि जे काही उंचवटे असतील ते एवढ्या पावसाळ्यांत झिजून गेले.

आता त्या मातीकडे वळू. कठड्यापलीकडचा उघडा भाग फार मोठा नाही, जेमतेम ७५०० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन-दोन एकर. हा सगळा एके काळी काळा बेसॉल्ट होता. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस मिळाला की बेसॉल्ट कुजतो. शब्द जरा विचित्र वाटेल, पण भूशास्त्रज्ञही 'सडलेला खडक' असेच म्हणतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातली खनिजे हळूहळू फोडते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी विरघळून जातात, पाठोपाठ सिलिकाही वाहून जाते. ज्यांना पाण्याबरोबर जाता येत नाही ते लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. रंग आहेत ते मुख्यतः लोहाचे. लोखंडाचे गंजणे आपण रोज पाहतो. चामारेल म्हणजे गंजलेला डोंगर. हेमेटाइट हे लोहखनिज बारीक कणांचे असेल तर लालभडक दिसते, कण मोठे झाले की जांभळट. पाण्याचा अंश धरलेले गोथाइट पिवळे ते तपकिरी. निळसर-जांभळ्या छटांचे श्रेय ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना दिले जाते.

हीच प्रक्रिया कोकणात झाली आणि पुढे ती लोहयुक्त माती उन्हावाऱ्यात घट्ट झाली, तिचा जांभा झाला. आपण त्याचे चिरे काढतो आणि घरे बांधतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश वैद्याने केरळात लोकांना असेच चिरे कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्या खडकाला 'लॅटेराइट' नाव दिले. चामारेलची माती ही या जांभ्याची मऊ राहिलेली चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. ती घट्ट झाली नाही, म्हणून पावसाने तिच्यात घळी पाडल्या, लाटांसारखे उंचवटे कोरले आणि वेगवेगळ्या रंगांचे पट्टे उघडे पडले.

या उघड्या मातीवर झाड का उगवत नाही, हा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या मुलांना हमखास पडतो. मोठ्यांना फोटोच्या गडबडीत पडत नाही. उत्तर वर आलेच आहे. झाडाला लागणारे पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम केव्हाच समुद्राला मिळाले. पण मग त्याच कठड्याच्या अलीकडे एवढी हिरवी झाडी कशी? कारण उष्ण कटिबंधातले जंगल खोल मातीवर फारसे विसंबून नसते. ते गळलेल्या पानांवर, कुजलेल्या लाकडावर, वरच्या वीतभर थरावर जगते. तेच अन्न पुन्हा पुन्हा फिरवते. तो थर गेला की खाली फक्त रंग उरतात. डचांनी १६३८ मध्ये इथे वस्ती केली, एबनीचे काळे लाकूड तोडले. पुढे फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या काळात उसासाठी जमीन मोकळी झाली. आज बेटावर चांगल्या अवस्थेतले मूळचे जंगल दोन टक्क्यांहून कमी उरले आहे. त्यातले बरेचसे चामारेलला लागून असलेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे, ज्याची घोषणा व्हायला १९९४ साल उजाडले. कठडा ओलांडून मातीवर चालू देत नाहीत याचा काहींना राग येतो. मला तो नियम योग्यच वाटतो. पावलाने दबलेल्या त्या मातीत पुढचा पाऊस नवी घळ पाडतो.

धबधब्याची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. माती म्हणजे खडकाचे कुजणे, तर धबधबा म्हणजे खडकाचे अडून बसणे. लाव्हा एकदाच येऊन थांबत नाही. एक प्रवाह येतो, थिजतो, त्याचा वरचा भाग उन्हापावसात भुसभुशीत होतो, त्यावर दुसरा प्रवाह येतो. त्यामुळे कड्यात कठीण थर आणि मऊ थर आलटून पालटून असतात. वरंधा किंवा ताम्हिणी घाटात कड्यांमध्ये मधूनच लाल मातीचा पट्टा दिसतो, तो असाच दोन प्रवाहांमधला. मॉरिशसमध्ये हेन्रिएटाजवळच्या तामारें धबधब्यांना 'सेत कास्काद', म्हणजे सात धबधबे म्हणतात; ओळीने उतरत गेलेल्या या पायऱ्यांची घडण अशा थरांतच असते. आपल्या दख्खनच्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

पडणारे पाणी तळाशी भोवरे करते आणि खालचा मऊ थर पोखरते. वरचा कठीण थर काही काळ छज्जासारखा पुढे आलेला राहतो. मग एक दिवस तो तुटतो, धबधबा थोडा मागे सरकतो आणि पुन्हा पोखरणे सुरू होते. म्हणजेच धबधब्याच्या माथ्यावरची टोकाची जागा, जिथे उभे राहून फोटो छान येतो, ती खालून पोकळ असण्याची शक्यता सर्वात जास्त. आणि तळाचा डोह, जिथे पोहायला मोह होतो, तिथेच वरून दगड येतात. चामारेलला धबधबा समोरच्या सज्जावरून पाहायची सोय आहे, ती याच कारणाने चांगली. तळाशी उतरणारी पायवाट निसरडी आणि तीव्र उताराची आहे. जायचेच तर स्थानिक वाटाड्या घेऊन आणि कोरड्या दिवसात.

कोरडा दिवस म्हणजे धबधब्यावर कोरडा दिवस नव्हे, डोंगरमाथ्यावर कोरडा. इथेच बाहेरून आलेला माणूस फसतो. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जेमतेम २०-२५ किलोमीटरवरच्या मध्य पठारावर तो ४००० च्या घरात जातो. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात लख्ख ऊन असताना डोंगरात ढग फुटलेले असू शकतात. बेट लहान, नद्या आखूड आणि उतार तीव्र, त्यामुळे वर पडलेले पाणी खाली यायला तासही लागत नाही. ३० मार्च २०१३ रोजी राजधानी पोर्ट लुईमध्ये अशाच थोड्या वेळात झालेल्या मुसळधार पावसाने पूर आला आणि ११ जण दगावले. शेजारच्या रियुनियनमध्ये तर १९६६ च्या जानेवारीत फोक-फोक इथे २४ तासांत १८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो आजही जागतिक विक्रम आहे. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिला तो ९४४ होता.

आपल्याला हे शिकायला हिंदी महासागर ओलांडायची गरज नव्हती. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. खडक तोच, उतार तसाच आणि चूकही तीच: पाय ठेवला तेव्हा पाणी घोट्याएवढे होते. पाणी वाढण्याआधी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होते, पाला आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. यातली एक जरी खूण दिसली तरी सामान आवरत बसू नये. प्रवाह ओलांडून पलीकडे नव्हे, आहे त्याच बाजूला वर चढावे. गुडघ्याएवढे वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडते आणि शेवाळलेल्या बेसॉल्टवर तर त्याहून कमी पुरते.

डोहात उडी मारण्याबद्दल तर डॉक्टरांचे मत ठाम आहे. पाण्याखालचा खडक दिसत नाही आणि डोके आधी गेले तर मानेच्या मणक्याला इजा होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. शिवाय कोसळत्या धारेखाली पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात. अशा फेसाळ पाण्यात शरीर नेहमीइतके तरंगत नाही, पोहता येणारेही तिथे दमतात. आणखी एक गोष्ट कोकणातल्या वाचकाला सांगायला नको: लेप्टो. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून गोड्या पाण्यात येणारा हा जंतू जखमेतून किंवा डोळ्या-नाकातून शरीरात शिरतो. सेशेल्स, रियुनियन अशा उष्ण बेटांवर हा आजार जुना आहे. पायाला जखम असेल तर पाऊस पडून गेल्यावर डोहात उतरू नये. सहलीनंतर एक-दोन आठवड्यांत, क्वचित महिनाभरानेही, ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना 'धबधब्यात उतरलो होतो' हे आवर्जून सांगावे. तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

मॉरिशसचा एक धबधबा मात्र पूर्ण निर्धोक आहे, कारण तो मुळात धबधबाच नाही. ल मॉर्न या समुद्रात घुसलेल्या ५५६ मीटर उंच बेसॉल्टच्या डोंगरापाशी हेलिकॉप्टरमधून पाहिले की समुद्राचे पाणीच खोल दरीत कोसळते आहे असे वाटते. 'पाण्याखालचा धबधबा' म्हणून हे फोटो फिरत असतात. प्रत्यक्षात पाणी कुठेच पडत नाही. उथळ भागातली वाळू आणि गाळ प्रवाहांबरोबर उतारावरून खोल समुद्राकडे घसरतो आणि फिकट ते गडद निळ्या छटांमुळे डोळा फसतो. किनाऱ्यावरून यातले काहीच दिसत नाही, तेव्हा तिथे जाऊन शोधत बसू नये.

या तरुण बेटाने शास्त्रज्ञांनाही असाच एक चकवा दिला होता. इथल्या सुमारे ६० लाख वर्षांच्या लाव्हाखडकात झिरकॉन या खनिजाचे कण सापडले. २०१७ मध्ये लुईस ॲशवाल आणि सहकाऱ्यांनी त्यांचे वय जाहीर केले: काही कण ३०० कोटी वर्षांचे. झिरकॉन सहजासहजी वितळत नाही, म्हणून वर येणाऱ्या लाव्हाने वाटेतल्या जुन्या खडकातून उचललेले हे कण तसेच टिकले. याचा अर्थ बेटाच्या खाली एका प्राचीन भूखंडाचा तुकडा दडलेला आहे. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले तेव्हा मध्ये राहून गेलेला. त्याला नाव मिळाले आहे 'मॉरिशिया'.

कोकणातून आणि देशावरून १९ व्या शतकात मजुरीच्या करारावर जहाजाने तिथे गेलेल्या मराठी माणसांना यातले काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. काळा कातळ, लाल माती आणि त्यातून उतरणारे पाणी पाहून त्या पहिल्या पिढीला काय वाटले असेल, हे कुणी लिहून ठेवले असते तर वाचायला आवडले असते.