झाडू फक्त झाडायला

अमेरिकेत रेडिओ ऐकणाऱ्यांना मार्गो ॲडलर यांचा आवाज चांगला ओळखीचा होता. नॅशनल पब्लिक रेडिओच्या त्या न्यूयॉर्कच्या वार्ताहर, आणि मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांची नात. बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थी आंदोलनात त्यांना अटक झाली होती. 1965 मध्ये कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करायला त्या मिसिसिपीत गेल्या. आणि याच बाई विक्का या पेगन पंथाची दीक्षा घेतलेल्या पुजारीण होत्या. स्वतःला उघडपणे ‘विच’, म्हणजे चेटकीण म्हणवत. अमेरिकेतल्या पेगन लोकांवरचं, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवतांकडे आणि निसर्गपूजेकडे वळलेल्यांवरचं, त्यांचं ‘ड्रॉइंग डाउन द मून’ हे जाडजूड पुस्तक 1979 मध्ये आलं. 2014 मध्ये त्या गेल्या, पण या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला आजही ते पुस्तक टाळता येत नाही.

पेगन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते बहुतेक हॉलिवूडने पुरवलेलं असतं. काळे झगे, कवट्या, बोकडाचं मुंडकं. त्यात आपल्याकडच्या करणी-भानामतीची भर. तेव्हा एक गोष्ट आधीच बाजूला काढलेली बरी. एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. तिथे तो शिक्का दुसरे मारतात. पश्चिमेतले हे लोक मात्र ते नाव स्वतः होऊन लावून घेतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आता बाकीचे गैरसमज एकेक करून पाहू.

‘हे सैतानाची पूजा करतात.’

नाही. सैतान हे ख्रिस्ती धर्मकथेतलं पात्र. ती कथाच ज्यांना मान्य नाही, ते त्यातल्या खलनायकाला कशाला पुजतील? गोंधळ होतो तो मुख्यतः वर्तुळातल्या पंचकोनी चांदणीमुळे. भयपटांनी ती बदनाम केली. विक्कामध्ये तिची पाच टोकं पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आत्मतत्त्व यांची मानतात.

या गैरसमजाची किंमत एका कुटुंबाने मोजली. नेव्हाडाच्या नॅशनल गार्डमधले सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट सप्टेंबर 2005 मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडलं गेलं तेव्हा मारले गेले. ते विक्कन होते. अमेरिकेत सैनिकाच्या स्मृतिफलकावर त्याच्या श्रद्धेचं चिन्ह सरकारी खर्चाने कोरून मिळतं. माजी सैनिकांच्या खात्याने मान्य केलेल्या चिन्हांच्या यादीत तेव्हा तीसहून अधिक चिन्हं होती, अगदी नास्तिकांचंही. चांदणी मात्र नव्हती. विक्कन मंडळी ती मागत अनेक वर्षं अर्ज करत होती आणि अर्ज पडून राहत होते. स्टुअर्ट यांच्या पत्नीने चिन्हाशिवाय फलक घ्यायला नकार दिला. स्मृतिभिंतीवर त्यांची जागा रिकामी राहिली. अखेर नेव्हाडा राज्याने 2006 मध्ये आपल्या अधिकारात चांदणीसह फलक बसवला. केंद्राचं खातं मात्र कोर्टात खेचल्यावरच हललं, आणि एप्रिल 2007 मध्ये तडजोड होऊन चिन्ह यादीत आलं. एका अपील न्यायालयाने विक्काला धर्म म्हणून 1986 मध्येच मान्यता दिली होती, हे लक्षात घेतलं तर हा उशीर आणखी खटकतो.

‘हा हजारो वर्षांचा अखंड धर्म आहे.’

हा गैरसमज विरोधकांपेक्षा भाबड्या समर्थकांनी जास्त पसरवला. विक्का हा विसाव्या शतकातला धर्म आहे. जेराल्ड गार्डनर हे मलायात नोकरी करून निवृत्त झालेले ब्रिटिश कस्टम्स अधिकारी. जादूटोण्याविषयीचा 1735 चा कायदा ब्रिटनमध्ये 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ छापलं. आपल्याला एक जुना गुप्त पंथ सापडला, असा त्यांचा दावा होता. त्याला आधार होता मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या पुस्तकाचा. चेटकिणी म्हणजे एका जुन्या धर्माचे अनुयायी, हा मरे यांचा सिद्धान्त इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढला आहे. विधींमधला सुंदर वाटणारा बराच मजकूर तर डोरीन व्हॅलिएंट या कवयित्रीने नव्याने लिहिला. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये हा सगळा हिशेब पुराव्यांसह मांडला. तो पचवायला काहींना जड गेला, पण बऱ्याच पेगनांनी मोकळेपणाने स्वीकारला. आपला धर्म नवा आहे असं सांगणारे धार्मिक लोक मला तरी दुर्मीळ वाटतात.

नव्वद लाख चेटकिणी जाळल्या गेल्या, हा आकडाही असाच फुगवलेला. युरोपातल्या खटल्यांत बळी गेले ते साधारण चाळीस ते पन्नास हजार. हा आकडा काही कमी भयंकर नाही. इंग्लंडमध्ये त्यांना जाळत नसत, फाशी देत. अमेरिकेतल्या सेलममध्येही 1692 मध्ये फाशीच दिली गेली.

‘म्हणजे आपल्यासारखेच की!’

युरोपचा मूळ धर्म हिंदूच होता, असं सांगणारे संदेश अधूनमधून मोबाइलवर येत असतात. अनेक देव, अग्नी, ऋतूंचे सण हे साम्य खरं आहे. पण त्यावरून नातं सिद्ध होत नाही. हे लोक बहुधा जन्माने पेगन नसतात, मोठेपणी स्वतः निवड करतात. त्यांचं आठ सणांचं वर्षचक्रही आजच्या रूपात विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं. ते तिथल्या हवामानाला इतकं बांधलेलं आहे, की मृतांचं स्मरण करण्याचा साऊइन हा सण इंग्लंडमध्ये 31 ऑक्टोबरला येतो, तर ऑस्ट्रेलियातले बरेच पेगन तो एप्रिलअखेरीस पाळतात. कारण तिकडे पानगळ तेव्हा असते.

‘समाजापासून तुटून जंगलात राहतात.’

इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74 हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला, आणखी 13 हजारांनी ‘विक्का’. हे सगळे जंगलात मावायचे नाहीत. त्यांत नर्सा आहेत, शिक्षक आहेत, सैनिक आहेत. फार जणांकडे पूजेची जागा म्हणजे कपाटावरचा एक कप्पा, त्यावर मेणबत्ती, पाण्याची वाटी, एखादा दगड. विधीतला झाडू जागा शुद्ध करायला वापरतात. उडायला नाही.

अमेरिकेत शरद ऋतूत ‘पेगन प्राइड डे’ भरतो. सार्वजनिक बाग, फुकट प्रवेश, कुणालाही पाहता येईल असा उघडा विधी. येणाऱ्यांकडून सूपचे, कडधान्याचे बंद डबे मागितले जातात आणि ते जवळच्या अन्नपेढीला दिले जातात. विवेकानंदांच्या शिकागो भाषणाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1993 मध्ये त्याच शहरात सर्वधर्म परिषद पुन्हा भरली. तिथेही पेगन प्रतिनिधी होते.

‘सगळे निसर्गप्रेमी, सगळे उदार.’

हा गोड गैरसमज. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन देवतांना मानणाऱ्यांमध्ये काही गट वंशशुद्धीचं राजकारण करतात, त्यांतल्या ‘थोर’ या देवाचा हातोडा मिरवत हा धर्म फक्त गोऱ्यांचा असल्याचं सांगतात. यावर बाकीचे गप्प बसलेले नाहीत. 2016 मध्ये अशाच एका अमेरिकन संघटनेशी संबंध तोडल्याचं जाहीर करणारं ‘डिक्लेरेशन 127’ हे निवेदन निघालं आणि अनेक देशांतल्या पेगन मंडळांनी त्यावर सह्या केल्या. आइसलँडची 1972 मध्ये स्थापन झालेली आणि तिथे सरकारमान्य असलेली ‘आउसात्रू’ संघटनाही वंशवादाच्या विरोधात उघड बोलते. हा वाद अजून मिटलेला नाही.